पानावरचा हात

चमचा विसळता विसळता ग्लेनिसने सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा हात नळाखालीच थांबला. खाली बागेत, वरून तिसऱ्या पायरीशी, होस्टा नावाच्या रुंद पानांच्या झाडाच्या थोरल्या गड्ड्यातल्या एका निळ्या पानावर हिरवा हात उमटलेला होता. पुरता हात. चार बोटं, तळवा आणि जरा बाजूला घसरलेला अंगठा. रात्री पाऊस झाला होता. त्याच्या माऱ्याने वरचं एक पान देठाशी मोडून लोंबत होतं आणि इतके दिवस त्याच्याआड असलेलं हे पान उघडं पडलं होतं. हात कोणाचा हे तिला शोधावं लागलं नाही. तो हात आत्ता आतल्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या, क्लिफर्डच्या, मांडीवर पडला होता आणि आता त्याच्याच्याने उचलवत नव्हता. नळ वाहत राहिला. उद्या रविवार. उद्या सबंध गल्लीतल्या बागा लोकांना बघायला उघड्या राहणार होत्या. फाटकावर पिवळी पाटी लागणार होती आणि जेवणं उरकल्यापासून अनोळखी माणसं चहाचे कप सांभाळत नेमकी त्याच पायरीवर येऊन उभी राहणार होती. कारण ह्या घरात बघण्यासारखं जे काही होतं ते त्या पायरीवरच होतं.

ते निळेपण पानाचं नसतंच मुळी. पान आतून हिरवंच असतं, चारचौघांसारखं. त्याच्यावर मेणाची एक पूड धरते, काळ्या द्राक्षांवर असते तशी, आणि तिच्यामुळे ते निळं दिसतं. बोट लावलं की पूड जाते आणि गेली की त्या पानावर पुन्हा कधी येत नाही. उन्हानेही जाते, म्हणून ही झाडं सावलीत वाढवायची. हे सगळं ग्लेनिसला पाठ होतं. तिने ते चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात ऐकलं होतं, क्लिफर्ड पाहुण्यांना पायरीवर उभं करून तेच शब्द, त्याच क्रमाने, मध्ये त्याच ठिकाणी थांबून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "तेव्हा मंडळी, बघायचं ते डोळ्यांनी. हात खिशात." लोक हसायचे. काही जण खरंच हात खिशात घालायचे. तो स्वतःसुद्धा पाणी घालायचं तर झारीची तोटी पानांखालून बुंध्याशी नेऊन घालायचा. गोगलगायी वेचायला विजेरी घेऊन बाहेर पडायचा तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वळवून घ्यायचा, कापड घासायला नको म्हणून. अशा माणसाने भर पानावर पंजा टेकला होता. जाणून टेकला नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पडता पडता त्याने जे हाताला लागलं ते धरलं होतं.

तिने नळ बंद केला. मे महिन्यातली ती सकाळ परत यायला असं एखादं निमित्तही लागत नसे. ती जिन्यात यायची, दुकानात रांगेत उभं असताना यायची. त्या सकाळी ती इथेच, ह्याच खिडकीशी उभी होती. फोन भिंतीवर खिडकीशेजारी लावलेला, म्हणून बोलायचं तर इथेच उभं राहावं लागे. पलीकडे तिची बहीण थेल्मा होती. थेल्माशी बोलायला विषय लागत नसे. आणि नसलाच, तर क्लिफर्ड होताच. बाहेरून त्याची हाक आली, "ग्लेन, बघ!" नेहमीची हाक. पान उलगडलं की हाक, पानावर पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे जमले की हाक, ऊन जरा कुठे झाडांतून गळून पडलं की हाक. लग्न झालं तेव्हा तिला ती हाक आवडायची, हे तिला आता आठवतसुद्धा होतं. ती फोनमध्ये म्हणाली, "ऐकलंस? झालं ह्यांचं सुरू. आणखी एक पान आलं असेल." थेल्मा म्हणाली, "जा बाई जा, बारशाला उशीर होईल." दोघी हसल्या. तिने खिडकीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "आले, एक मिनिट!" आणि गेली नाही. मग दुसरी हाक आली. मग थेल्माच्या सुनेचं काहीतरी निघालं, तिने कसले महागडे पडदे शिवायला टाकले होते त्याचं. मग तिसरी हाक आली, आणि ती वेगळी होती. ती वेगळी होती हे ग्लेनिसला तेव्हाच कळलं होतं. एवढी एक गोष्ट तिला स्वतःपासून लपवता आली नाही. पहिल्या दोन हाकांना काही नाही, त्या कोणीही टाळल्या असत्या. पण तिसरीत शब्दाचा शेवट नव्हता. 'बघ' मधला 'घ' कुठेतरी ओला होऊन खाली गेला होता. आणि ते ऐकून तिच्या मनात जे आलं ते असं होतं की आता हा रुसल्यासारखा आवाज काढतोय. म्हणून, केवळ म्हणून, तिने पडद्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

नंतर तिला जरा वाईट वाटलं आणि तिने चहा केला. दोघांसाठी. दोन कप घेऊन ती मागच्या दाराने बाहेर गेली, आणि तो पायरीवर कुशीवर पडलेला दिसला तेव्हा तिने आधी दोन्ही कप नीट भिंतीच्या कडेवर ठेवले. सांडू दिले नाहीत. पुष्कळदा तिला वाटायचं की फोनचं एक वेळ आपण सोसू, पण ते कप.

रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या मुलीने विचारलं, "कधी झालं हे?" आणि ग्लेनिस म्हणाली, "आत्ताच. मी ऐकलं आणि धावलेच." शब्द इतके सहज आले की तिला स्वतःलाही खरे वाटले. इस्पितळात तेच, गल्लीतल्या मिसेस हार्ग्रीव्हजना तेच, थेल्मालासुद्धा फोनवर तेच. थेल्माला! जिच्या कानात ती हाक गेली होती तिला. थेल्मा म्हणाली, "बरं झालं गं, तू घरात होतीस ते." त्यावर पुन्हा दोघी कधी बोलल्या नाहीत. डॉक्टर चांगला होता. समजुतीने सांगणारा. मेंदूचं असं असतं, तो म्हणाला, मिनिटामिनिटाचा फरक पडतो. तुम्ही लगेच आलात म्हणून एवढं तरी वाचलं. तिने मान हलवली. लगेच न आल्यामुळे काय गेलं, हे विचारायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. सगळे शब्द गेले, एक सोडून. शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाला, "बघ." परिचारिका धावत आल्या. बोलायला शिकवणारी जोसी म्हणून एक तरतरीत मुलगी होती, ती तर आनंदाने उडालीच. म्हणाली, "असं होतं कधी कधी. एकच शब्द उरतो, बहुतेक शेवटी तोंडात असलेला. किती गोड शब्द उरलाय बघा ना तुमच्या वाट्याला!" ग्लेनिस गोड हसली. तेव्हापासून तो पाणी हवं असलं तरी 'बघ' म्हणायचा, नको असलं तरी 'बघ', पायावरचं पांघरूण घसरलं तरी 'बघ'. दिवसातून किती वेळा ते देव जाणे. आणि दर वेळी ती उठून जायची. हातातलं टाकून जायची. लोक हे बघायचे आणि म्हणायचे, काय सेवा करते बाई नवऱ्याची.

कोणाला कशाचं वेड लागेल सांगता येत नाही. क्लिफर्डला सावलीचं लागलं होतं. शेफील्डच्या ह्या टेकाडावर लोक उन्हासाठी जीव टाकतात. घर उत्तरेला तोंड करून, बाग पायऱ्यापायऱ्यांनी खाली ओढ्याकडे उतरलेली आणि शेजारच्यांचा बीचचा प्रचंड वृक्ष सगळ्यावर छत्र धरून बसलेला. घर घेतलं तेव्हा ग्लेनिस म्हणाली होती, तो वृक्ष जरा छाटून घेऊ, खुर्ची टाकण्यापुरतं ऊन येईल, चार टोमॅटो लावीन मी. क्लिफर्ड पोलादाच्या कारखान्यात नकाशे काढायचा. घरीही तो आधी मोजायचा आणि मग बोलायचा. तो म्हणाला, "एक वर्ष बघू." त्या वर्षी कोणीतरी त्याला होस्टाचा एक निळा गड्डा दिला, आणि टोमॅटोंचा विषय संपला तो संपलाच. पुढे शेजाऱ्यांनीच वृक्ष पाडायचं काढलं तेव्हा हा सावली वाचवायला नगरपालिकेपर्यंत भांडला. उन्हासाठी भांडलेली माणसं तिने पाहिली होती. सावलीसाठी भांडणारा हाच एक. वृक्ष वाचला. तिने चाळीस वर्षं वाळत घातलेले कपडे दमट काढले आणि संधिवात झाला तेव्हा थेल्माला म्हणाली, "माझ्यापेक्षा पानांना मानवतं हे घर." हे ती नुसतं चेष्टेने म्हणत नव्हती. राग होता तिला. साधा, रोजचा, घरातल्या दमटपणासारखा राग. आणि त्या सकाळी खिडकीशी उभी असताना तिच्यातलं कोण थांबलं होतं, दमलेली बायको की तो राग, हे तिला आज इतक्या दिवसांनी ठरवता येत नव्हतं. रागच असला तर? जाणूनबुजून थांबली असली तर? ह्या प्रश्नाशी ती आली की काहीतरी घासायला घ्यायची.

आणि तो थोरला गड्डा तर तिच्याच नावाचा होता. क्लिफर्डने स्वतः बी धरून वाढवलेला. पहिली काही वर्षं चार फुटकळ पानं, आणि मग एका उन्हाळ्यात एकदम परातीएवढी, धुरकट निळी, कडेला किंचित वळलेली. गड्ड्याशी त्याने पत्र्याची पट्टी खोचली आणि तीवर आपल्या नकाशातल्या अक्षरात लिहिलं, ग्लेनिस. ती म्हणाली होती, "फूल म्हणशील तर बेताचं, वास नाही, नुसती पानंच पानं. माझंच नाव बरं आठवलं." तो गोंधळून म्हणाला होता, "अगं पण बघ ना." त्याला दुसरं सांगताच यायचं नाही. शब्द गेले असं सगळे म्हणतात, पण होते कुठे फारसे? तिला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. दुपारचं जेवण झालं की तो तासभर झोपे. ग्लेनिसने फडताळातून मऊ फडकं काढलं, वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि मागच्या दाराबाहेर आली. पान कापून टाकावं हा विचार आधी आला होता. पण कापलेल्या देठाचा पांढरा तुकडा त्याला फरसबंदीवरच्या खुर्चीतून नक्की दिसला असता. त्याची जीभ गेली होती, डोळे नव्हते गेले. पंधराव्या वर्षी शाळा सुटल्यावर ती चमच्यांच्या कारखान्यात लागली होती, चकाकी आणण्याच्या खात्यात. डोक्याला लाल फडकं, अंगावर तपकिरी कागदाचा गुंडाळा, फिरत्या चाकावर दिवसभर चमचे धरायचे. शेवटी एकेक चमचा फडक्याने पुसून ठेवायचा, आणि त्यावर बोटाचा ठसा राहिला तर मुकादमीण सबंध ताट परत करायची. "कोणाचं गं हे बोट?" असं ओरडायची, सगळ्यांसमोर. ठसा कसा काढायचा हे ग्लेनिसच्या हातांना तिच्याआधी कळत होतं. कडेपासून आत यायचं, गोल गोल, दाब बोटांचा नाही, तळव्याचा. ती पायरी उतरली, गड्ड्याकडे तोंड आणि घराकडे पाठ करून उकिडवी बसली, डाव्या हाताने पान खालून धरलं आणि पुसायला लागली.

हाताभोवतीचं निळं गेलं की हात दिसेनासा होईल एवढा साधा हिशोब होता. आणि झालंही तसंच. आधी अंगठा विरला, मग बोटांच्या मधल्या जागा हिरव्या झाल्या, मग तळव्याची कड. तिला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत प्रथमच हातून काहीतरी उरकलं जात होतं. ती कडेपर्यंत पुसत गेली, कारण अर्धवट पुसलेलं वाईट दिसतं. मान वर केली तेव्हा तिच्या पुढ्यात एक लखलखीत हिरवं पान होतं. पॉलिश केलेलं. त्यात वरच्या फांद्यांचं प्रतिबिंब दिसत होतं. आणि आजूबाजूला जिथे जिथे तिची बाही, कोपर, गुडघा लागला होता तिथल्या निळ्या पानांवर हिरवे ओरखडे उठले होते. हात गेला होता. पण आता तिथे कोणीतरी येऊन काहीतरी केलं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "अगं बाई," ती पुटपुटली. तिने फडकं बघितलं. त्यावर निळं काहीच नव्हतं. थोडं चिकट, राखेच्या रंगाचं काहीतरी.

रविवारी ढग होते पण पाऊस नव्हता. थेल्मा सकाळीच रॉदरहॅमहून तीन लिंबाचे केक घेऊन आली. क्लिफर्ड आजारी पडल्यापासून ती दर खेपेला गरजेपेक्षा जास्त केक आणायची. दोघी बहिणी मागच्या दाराशी टेबल मांडत होत्या. क्लिफर्डची खुर्ची फरसबंदीवर, पायऱ्यांच्या तोंडाशी, ठेवली होती. ग्लेनिसने त्याला निळा गळपट्टा बांधला होता. सकाळपासून तो एकदाही 'बघ' म्हणाला नव्हता. नुसता बघत होता, खाली, त्या गड्ड्याकडे.

"हे पान काय झालं गं तुझं?" थेल्माने विचारलं.

"गोगलगायीचा चिकटा होता. पुसला."

"पुसलास?" थेल्माने सुरी खाली ठेवली. "त्याच्या पानाला हात लावलास? मला एकदा नुसतं बोट लागलं तर नाताळपर्यंत ऐकवत होता."

"हळू बोल."

"अगं पण का?"

"हळू बोल म्हटलं ना, थेल्मा." मग तिने एकदम आवाज आणखी खाली आणला. "त्याचा हात होता त्याच्यावर. पडला तेव्हाचा."

थेल्माने केककडे पाहिलं. सुरी उचलली आणि आधीच कापलेल्या तुकड्याचे आणखी दोन केले. "लोकांना लहान तुकडे बरे पडतात," ती म्हणाली. ग्लेनिसला तिचा राग आला, आणि दयाही आली. दोघी मिळून हसल्या होत्या. एकीनेच कसं फेडायचं?

लोक आले. मिसेस हार्ग्रीव्हज फाटकाशी बसून सगळ्यांना सांगत होत्या, "खाली जाऊन होस्टा बघाच. मालकांची तब्येत बरी नाही, तरी बाईंनी एकटीने केवढं जपलंय." माणसं पायऱ्यांनी उतरत, वाकून पट्ट्या वाचत, कोणाच्या तरी आत्याकडे अशीच झाडं होती ती गोगलगायींनी कशी फस्त केली ते सांगत. क्लिफर्डशी वाकून मोठ्याने बोलत, तो बहिरा असल्यासारखे. ग्लेनिस चहा ओतत होती आणि प्रत्येक पाठमोरा माणूस त्या पायरीवर किती वेळ थांबतो तेवढंच बघत होती. एका बाईने छान म्हटलं. दोन मुलं नुसतीच उड्या मारून गेली. कोणाला काही दिसत नव्हतं. जमलं, तिला वाटलं, निभावलं. तेवढ्यात मिस्टर ऑर्मरॉड आले. हे चेस्टरफील्डचे, होस्टावाल्यांच्या मंडळाचे जुने सभासद, दरवर्षी येणारे. खिशात भिंग घेऊन फिरणारा माणूस. ते पायरीवर गुडघे टेकून बसले आणि उठेचनात. मग त्यांनी तिथूनच हाक मारली.

"अहो बाई! हे हिरवं पान कधी आलं?"

"कोणतं?" ग्लेनिस म्हणाली. किटली तिच्या हातात तशीच राहिली.

"एवढ्या निळ्यात एकच हिरवंगार! आणि चकाकी काय आहे! अहो, झाडाने नवा रंग काढलाय. असं हजारात एखाद्या वेळी होतं. ह्या फुटव्याचा तुकडा वेगळा लावला तर नवीन जात होईल. क्लिफर्ड, लबाडा, सांगितलं नाहीस?"

माणसं गोळा झाली. मिसेस हार्ग्रीव्हज फाटक सोडून आल्या. "नवीन जात? आमच्या गल्लीत? अगं ग्लेनिस, काय भाग्य!"

"मला नाही माहीत त्यातलं काही," ग्लेनिस म्हणाली. "त्यालाच ठाऊक."

"मग त्यालाच विचारू की," ऑर्मरॉड म्हणाले आणि दोन पायऱ्या चढून खुर्चीसमोर उभे राहिले. "काय रे गड्या? कधीपासून लपवून ठेवलंयस?"

क्लिफर्डने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो पानाकडे बघत होता. ते पुसलंय हे त्याला कळलं होतं. सगळ्या बागेत ज्या एका माणसाला कळायलाच हवं होतं त्याला सकाळीच कळलं होतं. मग त्याची मान हळूहळू वळली. आधी पायरीवरून टेबलाकडे, टेबलावरून किटलीकडे, किटलीवरून तिच्या हातांकडे. तिथे ती थांबली. ग्लेनिसला वाटलं, आता 'बघ' म्हणेल. त्या शब्दासाठी ती तयार होती. इतक्या दिवसांत त्या शब्दाला कसं तोंड द्यायचं हे ती शिकली होती. त्याचे ओठ उघडले, डाव्या बाजूने ओढले गेले. गळ्यात काहीतरी घरघरलं. निरोगी हाताने त्याने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"मि..." तो म्हणाला. "मि... निट."

मिसेस हार्ग्रीव्हजनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "बोलला! अगं नवीन शब्द बोलला! मिनिट म्हणाला! ऐकलंत ना सगळ्यांनी?" सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. "एक मिनिट थांबा म्हणतोय," ऑर्मरॉड हसत म्हणाले, "हरकत नाही बाबा, नव्या जातीचं गुपित आहे, घाई नाही." कोणीतरी ग्लेनिसच्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी म्हणालं, आज जोसीला कळवा हं, तिच्या कष्टांचं चीज झालं. ग्लेनिसने किटली खाली ठेवली. नीट, न सांडता. टाळ्यांच्या पलीकडे थेल्मा उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनेही तो शब्द ओळखला होता. फोनमध्ये तिने तो ऐकला होता. म्हणजे तो तिघांनीही ऐकला होता. इतके दिवस ग्लेनिस एका गोष्टीवर तरून होती, की त्याने हाका मारल्या एवढंच त्याला आठवत असेल; तिने ऐकल्या की नाही हे त्याला काय ठाऊक? खिडकी बंद असू शकते, बाई वर असू शकते. आणि तो तर तिचं उत्तर बरोबर घेऊन पडला होता. तिचं ते मिनिट संपायची वाट बघत पडला होता.

संध्याकाळी लोक गेले. जूनमध्ये उजेड लवकर हलत नाही. बीचच्या वृक्षाखाली तो निळसर होऊन रेंगाळतो आणि पानं त्या वेळी सगळ्यांत निळी दिसतात. थेल्मा स्वयंपाकघरात कपबशा धूत होती. ऑर्मरॉड जाताना तुकड्याचं वचन मागून गेले होते आणि ग्लेनिसने हो म्हटलं होतं. पुढल्या वर्षी त्या तुकड्याला निळीच पानं येतील, तेव्हाचं तेव्हा. ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "चल आत. गारठा पडलाय."

"बघ," क्लिफर्ड म्हणाला. आणि डाव्या हाताचं बोट पायरीकडे केलं.

"बघितलं रे मी. पुसलं मी ते. चुकलं माझं."

"बघ." बोट हललं नाही.

ती पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिने मागे त्याच्याकडे पाहिलं. त्याचं बोट आणखी खाली झालं. तिला कळलं नाही, मग कळलं. ती गड्ड्याशी टेकून दगडावर बसली, जिथे तो पडला होता तिथे, त्याच बाजूला तोंड करून. काल ती इथेच पुसायला बसली होती, पण घराकडे पाठ करून. आधी तिला फक्त पानांच्या खालच्या बाजू दिसल्या, शिरा, आणि त्यांच्यामधून दोन पायऱ्या. मग तिने मान जराशी वर केली. समोर, अगदी समोर, स्वयंपाकघराची खिडकी होती. तिला ती नेहमी लांब वाटायची. आत दिवा लागला होता आणि थेल्मा फोनशेजारी उभी राहून चमचे पुसत होती. तिच्या कानातले डूल दिसत होते. ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली तेव्हा ओठ हललेले दिसले. इथून माणूस हसत असेल तर त्याचे दात दिसले असते.

त्याला नुसतं ऐकू आलं नव्हतं. ग्लेनिसने पानं हातांनी बाजूला केली, कुठे काय लागतंय ते न बघता, आणि वर पाहिलं. "क्लिफ, मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिसऱ्यांदा तर मला कळलंही होतं, आणि मी..." तिला सगळं आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं होतं, कपांचंसुद्धा, रागाचंसुद्धा. सांगून होऊन जाईल, तो मान हलवील, मग त्याला आत नेऊन सूप देता येईल. ती उठायला लागली.

"मिनिट," क्लिफर्ड म्हणाला.

ह्या वेळी शब्द पुरता आला. आवाजात राग नव्हता. नेमकं काय होतं ते तिला ओळखता आलं नाही. ती अर्धवट उठलेली पुन्हा खाली बसली. दगड गार होता आणि ओल झग्यातून वर चढत होती. खिडकीतल्या थेल्माने बाहेर पाहिलं, काचेला हात लावला आणि तिला काही दिसेना म्हणून पुन्हा कामाला लागली. वर खुर्चीत क्लिफर्ड स्वस्थ बसला होता. ग्लेनिस वाट बघत राहिली.